गिवान सनबेंचं शेवटचं प्रकरण

प्यो गिवान आमच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने विद्यार्थी. आम्ही सगळे त्यांना सनबे म्हणायचो. कोरियनमध्ये सनबे म्हणजे आपल्या आधी आलेला, आणि म्हणून ज्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही असा माणूस. गिवान सनबे इतके आधी आले होते की कँटीनमधली बाई त्यांना प्राध्यापक समजून किमची जास्त वाढायची. तो गैरसमज त्यांनी कधी दूर केला नाही.

प्रयोगशाळेत त्यांना खरा मान होता तो लेटेकमुळे. प्रबंध छापायला आम्ही सगळे लेटेक ही संगणकप्रणाली वापरायचो. त्यात तुम्ही आज्ञा लिहायच्या आणि यंत्र पानं लावून देतं. एखादा कंस विसरलात तर अख्खा प्रबंध रुसून बसतो. विद्यापीठाच्या नियमांत बसणारा साचा सनबेंनी तयार केला होता. समास किती, शीर्षक कुठे, परीक्षकांच्या शिक्क्यांचं मान्यतापत्र कितव्या पानावर, सगळं त्यात होतं. ग्रंथालयातली बाई पट्टी घेऊन समास मोजायची आणि केसाएवढा फरक निघाला तरी प्रबंध परत पाठवायची. सनबेंच्या साच्यातला एकही प्रबंध कधी परत आला नाही. आमच्याकडून पदवी घेऊन गेलेला प्रत्येक जण त्यांच्या साच्यातून बाहेर पडला होता. आत राहिले होते ते एकटे सनबेच.

आता मात्र राहून चालणार नव्हतं. विद्यार्थी म्हणून राहायची त्यांची मुदत याच सत्रात संपत होती आणि आमचे मार्गदर्शक हाम सर फेब्रुवारीत निवृत्त होणार होते. डिसेंबरात तोंडी परीक्षा झाली. सनबेंनी निष्कर्षाच्या जागी ‘अधिक अभ्यासाची गरज’ असं काहीतरी पुटपुटलं. जेवणाची वेळ टळून गेली होती, त्यामुळे कोणी खोलात शिरलं नाही. चार परीक्षकांनी मान्यतापत्रावर सहीऐवजी आपापले शिक्के मारले आणि शेवटचं प्रकरण हाम सरांनी बघून घ्यावं असं ठरलं. पाचवा शिक्का त्यांचा. तो शुक्रवारपर्यंत मिळाला नाही तर सनबेंची सगळी वर्षं पाण्यात जाणार होती.

आणि त्या आठवड्यात हा माणूस तक्त्यांमधल्या रेघांची जाडी जुळवत बसला होता!

अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे तपासायला त्यांनी प्रबंध माझ्याकडे दिला. मी शेवटचं प्रकरण उघडलं. पहिलं वाक्य होतं, ‘खारीला जुन्या चाकात बसून फिरावंसं वाटतं.’ दुसरंही तेच. आमच्याकडे नवा टाइप कसा दिसतो ते बघायला हेच वाक्य टाकतात, कोरियन लिपीतली सगळी अक्षरं त्यात येतात म्हणून. पण ते एखाद्या ओळीपुरतं. इथे पूर्ण प्रकरणभर खार फिरत होती, वर आकडे घातलेले उपविभागसुद्धा होते.

सनबे संत्रं सोलत बसले होते.

“सनबे, तुमच्या शेवटच्या प्रकरणात खार आहे.”

“असेल.”

“फक्त खारच आहे.”

“पान भरल्यावर कसं दिसतं ते बघायला टाकलीय गं. ओळींमधलं अंतर बघ, मस्त आलंय की नाही?”

“अंतर गेलं खड्ड्यात. निष्कर्ष कुठाय?”

“मिरान, आवाज.”

“आवाजाचं नंतर बघू. निष्कर्ष कुठाय?”

त्यांनी संत्र्याच्या फोडीवरची पांढरी शीर न शीर काढली, तक्त्यातल्या रेघा काढाव्यात तशी. मग म्हणाले, “एका ओळीचा तर आहे. लिहिला की सरांना वाचावा लागेल.”

पुलाच्या थरथरीवरून पुलाला तडा गेलाय की नाही हे ओळखायची पद्धत हाम सरांनी शोधली होती. सरांची सगळी हयात तिच्यात गेली. पाठ्यपुस्तकात ती सरांच्या नावानं होती आणि डोंगरातल्या काही पुलांवर तिची यंत्रंही बसली होती. सनबेंनी हिवाळ्यांमागून हिवाळे त्या पुलांवर काढले, आणि त्यांच्या लक्षात आलं की थंडीत पारा शून्याखाली गेला की यंत्र तडा गेलेला पूलही धडधाकट म्हणून सांगतं. आधी त्यांना वाटलं आपलंच मोजमाप चुकलं. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

“सरांना सांगितलं नाहीत?”

“दर वेळी सांगायला जातो. सर विचारतात, कुठवर आलं? मी म्हणतो, तक्ते जरा नीट लावतोय.”

“आणि सर?”

“म्हणतात, लाव लाव. सावकाश लाव.”

मला इतका राग आला की हातातला चहा टेबलावर आपटला. “माझा मामा बस चालवतो त्या पुलांवरून,” मी म्हटलं. “जानेवारीतसुद्धा. तुमचे समास जुळेपर्यंत त्यानं थांबायचं का?”

ते संत्र्याच्या सालीचे तुकडे एका ओळीत लावू लागले. बघवेना म्हणून मीच जरा नमतं घेतलं. “शिक्क्याचीच भीती असेल तर सरांचा एक शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. रोज पावत्यांवर मीच मारते. लिहा, मी मारते. सरांना दाखवूच नका.”

“पावत्यांवर मार,” सनबे म्हणाले. “यावर नाही.”

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि खार पुसून टाकली. शून्याखाली ही पद्धत फसते, हे एक वाक्य त्यांनी लिहिलं, त्याखाली दोन पानं आकडे आणि आलेख घातले. जेवायच्या वेळेच्या आत झालंसुद्धा. इतकी वर्षं अडलेलं काम इतक्या लवकर होतं हे बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं वाईट वाटलं.

गुरुवारी आम्ही सरांच्या खोलीत गेलो. निवृत्तीच्या शुभेच्छांची ऑर्किडं फितींसकट जमिनीवर, कपाटावर, खिडकीत ठेवलेली होती. पाय ठेवायला जागा नव्हती. सनबेंनी दोन्ही हातांनी प्रबंध पुढे केला, वर मान्यतापत्र ठेवलं. मी कॉफीचे कागदी पेले ठेवले आणि दाराजवळ उभी राहिले. सरांनी चष्मा बदलला. शेवटचं प्रकरण वाचलं, मग पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

“गिवान.”

“जी, सर.”

“हे खोटं आहे असं मी म्हणत नाही.”

“जी.”

“पण हे असं पहिल्याच ओळीत, एवढ्या मोठ्या अक्षरात कशाला? तळटीपेत घाल. बारीक टायपात. ज्याला बघायचं तो बघेल.” सर हसले, पण विनंती केल्यासारखं. “तुझ्या हातात आहे ना सगळं ते? तुला काय अवघड आहे?”

सनबे फितींकडे बघत होते. मला वाटलं, झालं. आता हा माणूस ‘जी’ म्हणणार, खाली जाणार, आणि ते वाक्य इतकं सुबक बारीक करणार की कोणाच्या बापाला दिसायचं नाही.

“ते होत नाही, सर,” सनबे म्हणाले.

“काय होत नाही?”

“तळटीप. लेटेक तळटीप घेतच नाही. विद्यापीठाच्या साच्यात तशी सोयच नाही.”

हा साचा त्यांनीच बनवला होता. तळटीपेची आज्ञा म्हणजे एक तिरकी रेघ आणि एक शब्द. सनबेंनी ती झोपेतही घातली असती.

सर माझ्याकडे वळले. “मिरान, तू पण वापरतेस ना हे? खरंच होत नाही?”

सरांशी खोटं बोलायची माझी पहिलीच वेळ होती, आणि तीही ते निवृत्त व्हायच्या तोंडावर.

“नाही होत, सर.”

सर ‘हं’ म्हणाले. त्यांनी प्रबंध मागे चाळायला सुरुवात केली. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. मी उभी होते तिथूनही मला दिसत होतं, पानाच्या तळाशी आखूड रेघ होती आणि रेघेखाली बारीक टायपात दोन ओळींची तळटीप. सर त्या ओळींकडे बराच वेळ बघत राहिले. सनबेंची मान खाली होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

सरांनी पान मिटलं. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी आपला स्वतःजवळचा शिक्का काढला, लाल शाईच्या डबीत दाबला.

“यंत्रच ऐकत नाही म्हटल्यावर माणसानं काय करायचं,” असं म्हणून त्यांनी तो मान्यतापत्रावर मारला, आणि शाई वाळेपर्यंत कागद स्वतःच हातात धरून बसले.