पातेल्यातला पाय

"अगं, तो पायातला दिवा विझव ना," शेजारच्या हर्मेलिंदाआजी म्हणाल्या. "आता सगळंच विझवायचंय."

"तो विझत नाही, आजी." दोमितिला भिंतीला टेकली होती. पाळतीसाठी सरकारने पायात अडकवलेल्या पट्ट्याची वायर सॉकेटमध्ये अडकलेली, त्यामुळे आईच्या फोटोपाशीही तिला जाता येत नव्हतं. "चार्जिंग संपलं तर इमिग्रेशन ऑफिसवाल्यांना वाटेल, मी पळाले. मग कोठडीच."

ह्यूस्टनमधल्या त्या खोलीत आज तिच्या आईचा नववा दिवस होता. आई वारली तिकडे, होंडुरासमध्ये. आश्रयाचा अर्ज निकाली निघेपर्यंत दोमितिलाला शहराबाहेर पडायची मुभा नव्हती, मग माती द्यायला कुठली जाणार? आईला तर हा पट्टा माहीतच नव्हता. म्हातारी व्हिडिओ कॉलवर रोज म्हणायची, "पूर्ण उभी राहून दाखव गं, वाळलीस का बघू दे." आणि ही फोन कमरेखाली कधी नेत नसे.

तिकडची रीत अशी, की नवव्या दिवशी शेवटची प्रार्थना झाली की मेणबत्त्या विझवायच्या, मिट्ट काळोखात दार उघडायचं, म्हणजे आत्मा वाटेला लागतो. उजेड राहिला तर घुटमळतो. कारखान्यात दिवसभर कोंबड्या कापून दोमितिलाचं अंग आंबून गेलं होतं, पण आईचं एवढं तरी नीट व्हावं, असं तिला फार वाटत होतं.

चादर टाकली तरी पट्ट्यावरच्या दिव्याचा हिरवा उजेड झिरपतच राहिला. शेवटी आजींनी तमाले, म्हणजे पानात गुंडाळलेले मक्याचे उंडे, वाफवायचं भलंमोठं पातेलं आणलं. "घाल पाय."

प्रार्थनेला जमलेल्या शेजारणी फिस्सकन हसल्या.

"हसताय काय? उद्या तुमच्याही पायात येईल," आजींनी झापलं.

दोमितिलाने पाय आत घातला, वर चादर पांघरली. मेणबत्त्या विझल्या, दार उघडलं.

तेवढ्यात पातेल्यातून बाईचा आवाज घुमला, इंग्रजीत: बॅटरी संपत आली आहे, ताबडतोब चार्ज करा. पाय उचलताना वायर निसटली होती.

दोमितिलाला रडू फुटलं. "ती दचकून थांबली असेल, आजी. आता कळलं तिला सगळं."

अंधारातच आजी दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "तू जा गं बाई. तुला नाही बोलवत ते."

कुणीतरी दिव्याच्या बटणाकडे हात नेला, पण दोमितिलाने दिवा लावू दिला नाही. पातेल्यातल्या पायासकट ती खाली सरकली आणि काळोखात सॉकेटसाठी भिंत चाचपू लागली. आवाज पुन्हा आला.

"आहे," ती पुटपुटली, "इथंच आहे मी."