साडेसातशे शिक्क्याची अंगठी

मी एक जुनी अंगठी आहे आणि रंगाने जरा फिकी आहे. एवढ्यावरून माझ्यावर काय वेळ आली, ते ऐकाच मित्रांनो.

एका सोनाराने मला घडवलं. मग तपासणी होऊन माझ्या आतल्या बाजूला बारीक शिक्के उमटले. एक घडवणाऱ्याची खूण आणि एक आकडा, ७५०. पुढे एका सुताराने मला विकत घेऊन बायकोच्या बोटात घातलं. ती कपडे शिवायची. दिवसभर कात्री, मशीन, इस्त्री. मला रिकामं बसायची सवयच लागली नाही, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

एकदा तिच्या नणंदेने आपली पिवळीधमक बांगडी माझ्याशेजारी धरली. "वहिनी, दादाला कोणीतरी चुना लावलाय. पितळ दिसतंय हे."

मालकिणीने आतला आकडा पाहिला. शर्टाच्या कॉलरवर असतो तसा मापाचा नंबर असेल, असं तिला वाटलं. मला असा राग आला म्हणून सांगू! पण मला तोंड कुठे होतं?

नवऱ्याला तिने विचारलं नाही. तो फसला असेल तर त्याला फार लागेल, ही तिला धास्ती. आठ वर्षं ती पाहुण्यांसमोर हात मागे धरायची. पण मला बोटातून काढलं मात्र नाही.

पुढे तिचं बोट जाड झालं, मी रुतू लागले. दोघं मला सैल करायला सोनाराकडे गेली. त्याने भिंग डोळ्याला लावलं, तशी ती खाली बघू लागली.

"कापून मध्ये सोन्याचा तुकडा जोडावा लागेल, पण शिक्का सोडून कापतो," सोनार म्हणाला. "नाहीतर उद्या ही बिचारी आपली ओळख काय सांगणार? साडेसातशे आहे. हजार भागांत साडेसातशे सोनं, बाकी तांबं आणि चांदी."

"मग नणंदेची बांगडी एवढी पिवळी कशी?"

"तिच्यावर ९१६ असेल. सोनं जास्त, पण मऊ."

सुतार म्हणाला, "म्हणून तर मुद्दाम ही घेतली. तू दिवसभर कात्री चालवणार. मऊ सोनं महिन्यात वाकडं झालं असतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू कुठे विचारलंस?"

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. मला तर धन्य वाटलं.

मित्रांनो, दागिना रंगावरून जोखू नका, आतला शिक्का वाचा. आणि कोणी प्रेमाने काही दिलं असेल, तर मनात झुरत बसण्याआधी त्यालाच विचारा. आठ वर्षं फार होतात.