रांगेतले सात कागद

चष्मेवाल्यांचा फोन सकाळी पुन्हा आला. बोलायला मऊ माणूस. आधी त्यांनी आईची चौकशी केली, मग हळूच मुद्द्यावर आले. बाबांच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी फोनवरून बाबांना सात चष्म्यांच्या काचा बनवायला सांगितल्या होत्या. तीन आठवडे झाले, एकही आली नव्हती आणि गिऱ्हाइकं रोज दुकानात येऊन बसत होती.

"तुझे बाबा सोन्यासारखा माणूस," ते म्हणाले, "पण शेवटी शेवटी त्यांच्या हातून सुटायला लागलं होतं गं. चालायचंच, वय झालं होतं."

ती "बघते" एवढंच म्हणाली. पण ते वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात अडकून राहिलं. चाळीस वर्षं ज्याने प्रत्येक आकडा दोनदा म्हणून घेतला, त्याच्या नावापुढे शेवटी हे लागायचं? बाबांच्या काचा घासायच्या कारखान्यात त्या सात कामांचा मागमूस नव्हता. ट्रे, कपाटं, कचऱ्याची टोपलीसुद्धा तिने पालथी घातली होती.

कामं लिहायची वही नव्हतीच. बाबांची पद्धत अशी, की फोन खांद्याशी धरायचा, आकडे ऐकत ऐकत कॉम्प्युटरवर उतरवायचे, समोरच्याला वाचून दाखवायचे आणि प्रिंट सोडायची. मग आतल्या खोलीतला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत तीन पदरी चिठ्ठी काढायचा. पांढरी घासकामाला, गुलाबी तपासणीला, पिवळी काचेच्या पाकिटात गिऱ्हाइकाबरोबर. त्याच्या सुया कागदावर ठोकतात म्हणून तिन्ही पदरांवर उमटतं. नवा प्रिंटर नुसता वरच्या कागदाला गोंजारतो, असं काचकाका म्हणत. काचकाका म्हणजे घासकाम करणारे, बाबांचे पहिले कारागीर.

नवे कॉम्प्युटर आले, नवं नेटवर्क बसलं, ते नेमकं त्याच दिवशी सकाळी. रात्री बाबा गेले. त्यांचा कॉम्प्युटर मग कोणी लावला नाही, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जुना प्रिंटर काही केल्या चालेना. तेव्हापासून एकेक चिठ्ठी हाताने तीनदा लिहिली जात होती. तीनदा लिहायचं म्हणजे चुकायच्या तीन संधी. म्हणून आज तिने नेटवर्कवाल्याला बोलावलं होतं.

तो आला, त्याने प्रिंटरचं झाकण उघडलं, फुंकर मारली, दोन बटणं एकदम दाबली. प्रिंटरने स्वतःची चाचणी खणखणीत छापून दाखवली.

"तब्येत ठणठणीत आहे," तो म्हणाला. "स्वतःशी छान बोलतो, बाकीच्यांशी अबोला आहे."

प्रिंटरच्या मागे धुळीने माखलेली एक डबी होती. प्रिंटरची जाड वायर एका बाजूने तिच्यात शिरत होती आणि दुसऱ्या बाजूने नेटवर्कची बारीक वायर बाहेर पडत होती. नेटवर्कवाल्याने ती डबी आपल्या लॅपटॉपला जोडली आणि हसला. घर बदललं आणि पोस्टमनला सांगायचं राहिलं, असं झालंय, त्याने समजावलं. कॉम्प्युटर सगळे नव्या गल्लीत राहायला गेले, या डबीचा पत्ता मात्र अजून जुन्या गल्लीतला. त्याने डबीला नवा पत्ता दिला. आता तोच पत्ता प्रत्येक कॉम्प्युटरला सांगायचा होता. सुरुवात त्याने बाबांच्या कॉम्प्युटरपासून केली.

"इथे तुंबलंय काहीतरी," पडदा उजळल्यावर तो म्हणाला. "थांबा, ही छपाईची रांग आधी पुसून टाकतो. नेहमीचंच आहे, रस्ता मोकळा होतो."

त्याच्या खांद्यावरून तिने पाहिलं. एकाखाली एक सात ओळी. नाव प्रत्येकीचं नुसतंच 'चिठ्ठी'. पुढे तारीख होती, तीन आठवड्यांपूर्वीची.

"पुसू नका," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की त्याने मान वळवली. "एकही पुसू नका."

चटका बसावा तसा त्याचा हात माउसवरून उठला. मग त्याने फक्त पत्ता बदलला.

आतल्या खोलीत प्रिंटर करकरू लागला. काचकाकांचं घासायचं चाक थांबलं. एकामागून एक सात चिठ्ठ्या बाहेर आल्या.

तिने चिठ्ठ्या फाडून घेतल्या. पहिली दोन वाजून दहा मिनिटांची, शेवटची अडीचची. पाचवीवर शेऱ्याच्या जागी बाबांनी लिहिलं होतं, 'आजीबाई शिवणकाम करतात. यांचं आधी.'

प्रिंटर वाजला नाही हे बाबांना कळलं कसं नाही, तिने काकांना विचारलं.

"फोनवर बोलताना कानातलं मशीन काढून ठेवायचे," काका म्हणाले. "शिटी मारतं म्हणून. दुपारभर ते तसंच टेबलावर असायचं." त्यांनी ओले हात ॲप्रनला पुसले. "पण मला तर ऐकू येतं ना. मी इथेच होतो. वाटलं, आज काम कमी आहे."

"चाक चालू होतं तुमचं, काका."

काकांनी थांबलेल्या चाकाकडे एकदा पाहिलं.

तिने चष्मेवाल्यांना फोन लावला, त्यांची वही उघडायला सांगितली आणि वाचायला लागली. उजवा मायनस सव्वादोन, डावा मायनस पावणेतीन. पहिल्या तीन चिठ्ठ्यांना ते "बरोबर" म्हणाले. नंतर नुसती पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. सात झाल्या.

"आकडे सगळे घेतले होते त्यांनी," ती म्हणाली. "चिठ्ठ्या छापल्या गेल्या नाहीत, ती चूक आमची. परवा सकाळी काचा पोचतील."

"मी बोललो ते मनात ठेवू नकोस, बाळ."

"ठेवलं होतं," ती म्हणाली. "आता नाही."

नेटवर्कवाला शेजारच्या कॉम्प्युटरकडे वळला. काकांनी पांढऱ्या चिठ्ठ्या मागून घेतल्या, पाचवी सगळ्यांत वर ठेवली आणि चाकावर पाणी सोडलं. गुलाबी चिठ्ठ्या तिने तपासणीच्या ट्रेमध्ये टाकल्या. पिवळ्या सात हातात उरल्या. त्यातली एक ठेवून घ्यावी असं तिला फार वाटलं. मग तिने सात पाकिटं काढली आणि एकेकीची घडी घालून आत सरकवली.