खुब्यासाठी नवरा

माझा उजवा खुबा पार झिजलाय. पस्तीस वर्षं खुर्चीभोवती उभं राहून गावाचे केस कापले की दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणाला, "खुबा बदलून घे, नाहीतर उन्हाळ्यापर्यंत दुकान बंद करावं लागेल." जशी काही मी हौसेनंच लंगडत होते.

घोडं अडलं होतं विम्यापाशी. स्वतःचं दुकान असलं की विमाही स्वतःच विकत घ्यावा लागतो, आणि त्याचा हप्ता दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर वाढतो. यंदा तो महिन्याला चौदाशे डॉलरवर गेला. दुकानाचं भाडं त्याच्या निम्मं आहे. बरं, एवढं ओतूनही वर्षातला पहिला आठ हजारांचा खर्च आपल्याच पदरचा; तो झाला की मग कंपनीला जाग येते. मी कंपनीला फोन लावला, तर त्यांनी तेच ते गाणं इतका वेळ ऐकवलं की तोवर जॉईसनं एका बाईचे केस रंगवून, धुवून, वाळवूनही दिले. शेवटी एक गोड आवाजाची पोरगी आली.

"तुमचं वय वाढलंय ना, म्हणून हप्ता वाढलाय," ती म्हणाली.

"तुझं काय कमी होतंय का?" मी विचारलं. तिनं मला परत गाण्याकडे पाठवून दिलं.

आमच्या गावात शुक्रवारी संध्याकाळी सगळे एकाच ठिकाणी तळलेले मासे खायला जातात, कारण दुसरं ठिकाणच नाही. त्यामुळे घटस्फोटानंतरची नऊ वर्षं मी आणि लाइल दर शुक्रवारी एकाच छताखाली जेवत आलोय, मध्ये एक टेबल सोडून. लाइल काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात बर्फ हटवायची गाडी चालवतो. मी त्याला सोडलं ते माशांपायी. दर शनिवारी हा गळ घेऊन तळ्यावर. उन्हाळ्यात होडीत, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर खोपटं टाकून. माझ्या आईला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेला. बाई नाही, बाटली नाही, मासे. लोकांना सांगायचीही चोरी.

त्या शुक्रवारी तो आपली बशी उचलून माझ्या टेबलाशी आला.

"खुबा फार दुखतोय म्हणे."

"कोण म्हणे?"

"जॉईस."

जॉईस माझ्या दुकानातली दुसरी खुर्ची चालवते. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"माझा काउंटीचा विमा आहे," लाइल बटाट्यांकडे बघत म्हणाला. "बायकोलाही लागू होतो. पगारातून किरकोळ कापतात."

"मग शोध एखादी बायको."

"तेच तर विचारतोय."

मला असा संताप आला की हातातला काटा खाली ठेवावा लागला. पहिल्या खेपेला निदान अंगठी तरी होती. "लाज नाही वाटत? माझं लंगडणं बघून मागणी घालतोस?"

"खुब्यालाच घालतोय. तुला घातली असती तर तू नाही म्हणाली असतीस. घरं आपापली राहू देत."

पुढचे काही दिवस मी त्याला, कंपनीला आणि अख्ख्या देशाला शिव्या घातल्या. बासष्टाव्या वर्षी एका बाईला हाडासाठी नवरा करावा लागतो, आणि गावात एकालाही त्यात वावगं दिसत नाही. "माझ्या मावशीनं विम्यापायी नवरा सोडला नाही, तू विम्यापायी करतेयस. तुझं बरंच म्हणायचं," जॉईस म्हणाली. मग एका सकाळी मला पलंगावरून उठताच येईना. अडला हरी, दुसरं काय.

कोर्टातल्या लग्नाला दोन साक्षीदार लागतात. माझ्याकडून जॉईस आली, लाइलकडून त्याच्या खात्यातला गॉर्डी. जजबाईंना उशीर होता. लाइल गाडी लावायला गेला, तेवढ्यात गॉर्डी माझ्याजवळ सरकला.

"मानलं बाई तुला. लाइलला परत कामाला जुंपलंस."

"म्हणजे?"

"अगं, नाताळला निवृत्त होत होता ना तो. आमचा केकसुद्धा सांगून झाला होता. तळ्याकाठच्या त्या घराला इसारही दिला होता यानं. आता म्हणतो, तू पासष्टची होऊन सरकारी विम्यात जाईपर्यंत तीन वर्षं नोकरी ओढायची. त्या घरावर पाणी सोडलं त्यानं."

लाइल आत आला तशी मी त्याला कोपऱ्यात गाठलं.

"नाताळला सुटत होतास?"

त्यानं गॉर्डीकडे रागानं पाहिलं. "त्या गाडीची सवय झालीय मला."

"पहाटेच्या अंधारात उठून बर्फ ढकलायची सवय?"

"तळं कुठं पळून जातंय," तो म्हणाला.

बावीस वर्षं संसार केला तेव्हा मी रडून, भांडून, अबोला धरून एक शनिवार मागत होते. तो कधी मिळाला नाही. आणि विमा कंपनीनं नुसता हप्ता वाढवून त्याच्याकडून तीन वर्षं काढून घेतली. मला त्याचा राग आला, कंपनीचा आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो मला आतून बरं वाटलं याचा.

"मला नाही करायचं लग्न," मी म्हणाले.

"बरं. मग गाडीपर्यंत चालत जाऊन दाखव."

तेवढ्यात जजबाई आल्या आणि त्यांनी वाचायला घेतलं: सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात. इथं मी एक विनोद ठरवून ठेवला होता. "बाई, त्यातलं आजाराचं तेवढं वाचा, बाकीचं आमचं झालंय," असं म्हणणार होते. जॉईसला आधीच सांगितलं होतं, ती हसायच्या तयारीत उभी होती. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

जजबाई थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"हो म्हण," लाइल कुजबुजला. "शुक्रवार आहे. मासे संपतील."

"हो," मी म्हणाले. "पण शनिवार तुझे."

जजबाई म्हणाल्या, हे शपथेत नाही. मी त्यांना ते लिहून घ्यायला सांगितलं.