बाल्कनीची खोली

देवराव रामटेके दुसऱ्या पलंगावर आडवे झाले, एकदा डावीकडे लोळले, एकदा उजवीकडे, आणि उठून उभे राहिले. चादरीला हव्या तितक्या सुरकुत्या पडल्या नव्हत्या. बोटीवरच्या चादरी इतक्या ताणून घातलेल्या असत की माणूस झोपला काय आणि मांजर फिरलं काय, सारखंच. त्यांनी उशीला मधोमध एक गुद्दा घातला आणि पांघरूण पायथ्याशी लोटलं. मग टॉवेलचा हत्ती उचलला. सफाईवाला रोज टॉवेलचे दोन हत्ती करून दोन पलंगांवर ठेवायचा. एका हत्तीने देवराव अंग पुसत. दुसऱ्याला काम नव्हतं. आज त्याची सोंड सोडवून त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि ओला दिसावा म्हणून वर थोडं पाणी शिंपडलं.

दाराशी जाऊन त्यांनी लांबून पाहिलं. आता त्या पलंगावर कोणीतरी राहत होतं.

सांजेला घरून बायकोचा, मनकर्णाबाईंचा, फोन यायचा होता. सिमेंट कंपनीने सहलीला आणलेल्या सगळ्यांना बोटीवरचं इंटरनेट फुकट दिलं होतं. काल मनकर्णाबाईंनी फोनवर समुद्र पाहिला होता. आज त्यांना खोली पाहायची होती.

गडचांदूरला देवरावांचं सिमेंटचं दुकान होतं आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, खुशालभाऊंचं. देवरावांच्या गल्ल्यामागे बुद्ध आणि बाबासाहेब, खुशालभाऊंच्या गल्ल्यामागे लक्ष्मी आणि गणपती. दोघे एकाच कंपनीचा माल विकत, एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत, आणि दुपारच्या आधी टपरीवर कागदी कपातून एकत्र चहा पीत. खर्रा तर एकाच पन्नीतून खात. तंबाखूला तेवढं कळत नाही. वीस वर्षं असं चाललं होतं.

यंदा कंपनीने आसपासच्या दोन जिल्ह्यांतल्या मोठ्या विक्रेत्यांना बोटीची सहल दिली. बल्लारशाहून गाडीने चेन्नई, तिथून बोटीने श्रीलंका आणि परत. एका खोलीत दोघं. तेव्हा खुशालभाऊ स्वतःहून म्हणाले होते, "देवराव, आपुन दोघं एकाच खोलीत राहू. पत्ते कुटत बसू." देवरावांनी ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं.

मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या.

"खुशालभाऊ आपल्या घरी कवा आले होते?"

"आपल्या अश्वजितच्या लग्नाले नाई का आले? आहेर घेऊन आले."

"आले. पाणी पेले?"

"त्याईले उपास होता."

"नातीच्या नामकरणाले?"

"तवा पोट बिघडलं होतं."

"मंग बोटीवर त्याईच्या तब्येतीकडे ध्यान ठेवा," मनकर्णाबाई खडा बाजूला टाकत म्हणाल्या. "आपल्या घरी आले की बिघडते."

"तू पाह्यशील," देवराव म्हणाले. "एकाच खोलीत राहून राह्यलो आमी. मंग बोल."

चेन्नईच्या बंदरात तपासणीवाल्यांनी दोघांचाही खर्रा काढून घेतला. दोघांची सामाईक अशी तेवढीच एक वस्तू होती, ती किनाऱ्यावर राहिली.

बोटीत शिरल्यावर कंपनीचा साहेब कुलदीप खोल्यांची कार्डं वाटत होता.

"देवरावभाऊ, तुमचा मान वेगळा. बाल्कनीवाली रूम. एकट्याला."

"अन् खुशालभाऊ?"

कुलदीपने कार्डांची गड्डी खालीवर केली. "त्यांना बाल्कनीत चक्कर येते म्हणे. आतल्या रूममध्ये ॲडजस्ट केलं, धनराजभाऊंसोबत."

धनराज म्हणजे धानोऱ्याचे विक्रेते. त्यांच्या खोलीत वडशाचा एक जण आधीच होता. खोलीला खिडकी नव्हती. तिसरा पलंग भिंतीतून ओढून काढायचा आणि शिडीने चढायचं. खुशालभाऊंचं वजन सिमेंटच्या दोन गोण्यांच्या घरात होतं. तरी ते त्या शिडीने चढत आणि छताला नाक लावून झोपत. दुसऱ्या दिवशी देवराव हवा खायला अगदी वरच्या मजल्यावर गेले, तर बाल्कनीत चक्कर येणारे खुशालभाऊ कठड्याला पाठ टेकून, दोन्ही हात पसरून फोटो काढून घेत होते. देवराव हाक न मारता खाली आले. मजल्यामजल्यावर चक्कर वेगळी असेल, असं ते धरून चालले.

दारावर टकटक झाली. देवरावांनी पांघरुणाचं टोक आणखी थोडं ओढलं आणि दार उघडलं. खुशालभाऊच होते, हातात फोन घेऊन.

"देवराव, एक काम होतं. केसर मांगं लागली हाय, खोली दाखवा म्हणून. आमच्या खोलीत काय दाखवू, भिंत?"

"या ना खुशालभाऊ. आपलीच खोली हाय."

खुशालभाऊ आत आले. चालून आल्याने त्यांना धाप लागली होती. टेबलावर पाण्याचा जग होता आणि दोन गिलास. सफाईवाला रोज सकाळी दोन्ही गिलासांवर कागदाची गोल टोपी घालून जाई. देवरावांच्या गिलासाची टोपी निघालेली होती. त्यांनी दुसऱ्या गिलासाकडे हात नेला.

"पाणी?"

"आत्ताच पेलो."

"चहा सांगू?"

"नको, पित्त झालं हाय." खुशालभाऊंची नजर पलंगावर गेली. "इथी कोनी झोपते काय?"

"मीच. कूस बदलाले."

"मजा हाय बुवा तुझी." त्यांनी फोन पुढे केला. "तू पकड जरा. मी दिसलो पाह्यजे अन् मांगं समुद्र दिसला पाह्यजे."

देवरावांनी फोन धरला. फोनमध्ये खुशालभाऊंच्या पत्नी केसरबाई आल्या. खुशालभाऊंनी त्यांना बाल्कनी दाखवली, समुद्र दाखवला, बाल्कनीतल्या दोन खुर्च्या दाखवल्या. मग आत येऊन त्या विस्कटलेल्या पलंगावर थाप मारली आणि ऐसपैस बसले.

"हा माझा पलंग."

देवरावांना बरं वाटलं. खुशालभाऊ त्यांच्या खोलीत गादीवर बसले होते, आणि तसं घरी सांगतही होते.

"अन् तो दुसरा कोनाचा?" केसरबाईंनी विचारलं.

खुशालभाऊंनी फोनच्या वरून देवरावांकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"धनराजचा."

"बरं झालं बापा. मले वाटलं, तो समोरचा..."

"नाई नाई. त्याले वेगळी देल्ली कंपनीनं."

फोनमधला समुद्र थोडा तिरपा झाला.

"सरळ पकड ना," खुशालभाऊ म्हणाले.

देवरावांनी समुद्र सरळ केला.

बोलणं संपल्यावर खुशालभाऊंनी फोन खिशात घातला. दाराशी गेल्यावर ते थांबले.

"वाईट नको मानू. बायकाईचं तुले माहीत हाय, काईबाई इचारत राह्यते."

"माहीत हाय."

"उद्या अजून येतो. पोरीले दाखवाची हाय."

"या."

ते गेल्यावर देवराव पलंगाजवळ उभे राहिले. गादीला आता खरा खळगा पडला होता, दोन गोण्यांचा. त्यांना तसला कधी जमला नसता. ते त्याच्याकडे पाहत असतानाच फोन वाजला.

"दाखवा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"हा पाह्य समुद्र. ह्या खुर्च्या. हा माझा पलंग, अन् हा खुशालभाऊचा. आत्ता बसून होते. गादी अजून दबून हाय, पाह्य." यातलं शेवटचं खरं होतं, म्हणून ते त्यांनी जरा मोठ्याने सांगितलं.

"कुठी गेले?"

"वर. फिराले."

मनकर्णाबाई फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहत असाव्यात. पडद्यावर त्यांचं कपाळच तेवढं दिसत होतं.

"टेबलाकडं न्या जरा. ते गिलासावर काय हाय?"

"कागद हाय. टोपीसारखा. धुतलेला हाय हे समजावं म्हणून सफाईवाला घालते."

"कवा घालते?"

"सकाळी. दोन्हीवर."

एवढं सांगून झाल्यावर देवरावांनीही टेबलाकडे पाहिलं. जग अर्धा झाला होता. त्यांच्या गिलासावर बोटांचे ठसे होते. दुसऱ्यावर पांढरी टोपी होती, नीट बसवलेली.

गडचांदूरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो फोनमधून ऐकू आला. मनकर्णाबाईंनी फोन डोळ्यांपासून लांब धरला.

"बरं," मग त्या म्हणाल्या. "जेवून घ्या वेळेवर. अन् पाणी पेत जा."