तेलाचं फडकं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज होतं, तोवर माझ्या स्कूटरला आजारी पडायची पूर्ण मुभा होती. मिस्त्रीकाका तिला पाच मिनिटांत उठवून बसवायचे. मी घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी नर्स. दिवसाला अकरा घरं, सगळी टेकडीवर. दुसऱ्याच्या दुखण्यात मी हुशार, स्वतःच्या गाडीच्या बाबतीत अगदी ढ.

मग काकांनी सांगून टाकलं, महिनाअखेर गॅरेज बंद. गुडघे गेले होते, लेक बोलावत होती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी रागच आला. माझा स्वभावच तसा. शिवाय गाडी टेकडीवर रुसल्यामुळे मी दोनदा उशिरा पोचले होते आणि हेड सिस्टरनी बजावलं होतं, "तिसऱ्यांदा उशीर झाला तर तुझी फेरी दुसरीला. तू स्टोअरमध्ये कापूस रचत बस." स्टोअरला खिडकीसुद्धा नाही. आणि माझी माणसं टेकडीवर.

"मला दुरुस्ती शिकवा," मी काकांना म्हणाले.

"आधी हत्यारांची पेटी करा."

माझं म्हणजे पी हळद नि हो गोरी. त्याच संध्याकाळी एकशे आठ नगांची चकचकीत पेटी उचलून आणली. काकांनी झाकण उघडलं आणि लगेच मिटलं.

"सिस्टर, दवाखान्यातली सगळी औषधं एकाच पेशंटला देता का हो?"

पेटी परत गेली. काकांचा नियम साधा होता: गाडीने मागितल्याशिवाय हत्यार घ्यायचं नाही. आरसा सैल झाला तेव्हा बारा-तेराचा पाना आला. बॅटरीच्या वायरचा नट आवळायला दहा-अकराचा. त्याआधी मी तो नट पकडीने फिरवून त्याचे कोपरे पार गोल करून ठेवले होते. "पक्कड धरायला असते, नट फिरवायला नाही!" काका एवढे ओरडले की समोरचा न्हावी वस्तरा घेऊनच बाहेर आला. मग प्लग पाना आला, स्क्रूड्रायव्हर आला, पॉलिश पेपरचा तुकडा आला. तीन आठवड्यांत बिस्किटांचा जुना डबाही पुरा भरला नव्हता.

आणि मग मी जे केलं ते नर्सच करू जाणे. काळेकुट्ट पाने बघून माझे हात शिवशिवले. सगळे साबणाने घासले, पातेल्यात उकळले आणि ओल्या पांढऱ्या कापडावर ओळीने मांडून डबा घट्ट लावला. दोन दिवसांनी काकांसमोर ऐटीत उघडला, तर सगळ्या हत्यारांवर तांबूस गंज!

काका इतके हसले की त्यांना स्टूलवर बसावं लागलं. "अहो, जंतू मारलेत की पाने?"

मी रडवेली झाले होते. त्यांनीच मग पॉलिश पेपरने एकेक पाना घासला आणि स्वतःच्या जुन्या बनियनचा तुकडा तेलात भिजवून माझ्या डब्यात ठेवला. "काम झालं की आधी पाने पुसायचे. हात नंतर धुवायचे."

महिनाअखेर काका लेकीकडे जाताना म्हणाले, "बंद पडली तर फोन करा. चालू असताना उगाच करू नका. मला फोनवर बोलता येत नाही."

घोडामैदान जवळच होतं. ते गेल्याच्या नवव्या दिवशी सकाळी, ऐन चढावर, गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. आठ वाजता मास्तरीणबाईंचं इन्सुलिन. त्यांना दिसत नाही. माझ्याखेरीज ते टोचणारं कुणी नाही आणि टोचल्याशिवाय त्या घास खात नाहीत. पावणेआठ झाले होते. मी फोन काढला, काकांचा नंबरही काढला. पण ते तिकडून काय करणार होते? फोन पर्समध्ये टाकला आणि डबा काढला.

पेट्रोल होतं. प्लगची टोपी उपसली, पाना लावून प्लग काढला. चटका बसला. टोक काजळीने काळं झालं होतं. घासलं, पुसलं. परत बसवताना आधी बोटांनी फिरवला, मग पान्याने आवळला; नाहीतर आटे जातात, हे काकांनी शंभरदा सांगितलं होतं. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. मग खाली बघितलं तर प्लगची टोपी तशीच लोंबत होती! स्वतःला दोन शिव्या हासडल्या, टोपी दाबून बसवली आणि तिसऱ्या किकला गाडी धडधडायला लागली. मी भर रस्त्यात ओरडले. एक कुत्रं घाबरून पळालं.

आठला दोन मिनिटं असताना मी मास्तरीणबाईंच्या दारात होते.

"आज तुला कसला वास येतोय?" त्या म्हणाल्या. "हात धू आधी."

संध्याकाळी घरी आल्यावर मी डबा उघडून बसले आणि मग तेलकट हातांनीच काकांना फोन लावला.

"बंद पडली?" त्यांनी घाईने विचारलं.

"पडली होती."

"मग?"

"मग चालू केली."



"मग फोन कशाला केलात?" काका म्हणाले. "पाने पुसलेत का?"

"पुसले," मी म्हणाले. "हात अजून तसेच आहेत."