मी कुणाची उंची वाढवत नाही

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाइप आहे आणि सुरुवातीलाच बजावून सांगतो, मी आजवर कुणाची उंची सूतभरही वाढवलेली नाही. यापुढेही वाढवणार नाही. पुंडलिकनगरातल्या ज्या घरात मी राहतो, तिथे माझ्याबद्दल मध्यंतरी भलतीच आवई उठली होती. न केलेल्या कामाचं श्रेय घेणारे जगात पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर जस्ताची चकाकी होती आणि दोन्ही टोकांना आटे होते. देवगाव रंगारीच्या तात्यासाहेबांनी मला आणि माझ्या भावांना ट्रॉलीतून शेतावर नेलं आणि बोअरमध्ये सोडलं. एकाच्या टोकाला दुसरा असे आम्ही खोल अंधारात लटकत होतो आणि सगळ्यांच्या खाली ती जड मोटार. माझ्यातून वर गेलेल्या पाण्यावर मका आणि अद्रक पोसलं. कौतुक बोअरचं झालं, तात्यासाहेबांचं झालं. पाइपाचं कोण करतो? पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. वर्षानुवर्षं लोंबकळून, पायाला मोटार बांधूनही मी होतो तेवढाच राहिलो. लोंबकळून कुणी वाढत असतं, तर मी आज अजिंठ्यापर्यंत पोचलो असतो!

पुढे प्लास्टिकचे पाइप आले आणि आम्हाला वर काढून गोठ्यामागे टाकलं. कोंबड्या माझ्यावर बसून घाण करायच्या. तिथून मला उचललं ते लक्ष्मीबाईंनी, म्हणजे तात्यासाहेबांच्या बायकोनं. घरात नात आली होती, प्रेरणा. तिची झोळी बांधायला आडवं काहीतरी मजबूत हवं होतं. लक्ष्मीबाई अंगानं एवढ्याशा. मला भिंतींच्या खाचांत बसवायला त्यांना उपड्या घमेल्यावर चढावं लागलं. पण बसवलं त्यांनीच, गड्यांची वाट पाहिली नाही.

झोळीतलं पोर माझ्याइतकं कुणी जोखलं नसेल. पहिल्या वर्षात लेकरू नुसतं दौडत वाढतं. प्रेरणा तर जन्मतःच चांगली भरलेली. तिचा बाप सोमनाथ उंचापुरा गडी, वाळूजला कंपनीत नोकरीला. पोरीचे पाय झोळीबाहेर आलेले पाहून तो मिशीत हसायचा आणि म्हणायचा, "घराण्यावर गेलीय. आमच्यात पाच-आठच्या खाली कुनीच नाय." दोन वर्षांनी त्याच झोळीत शिवम आला. मग झोळी सुटली, सोमनाथनं पुंडलिकनगरात घर बांधलं आणि सामानाबरोबर मीही शहरात आलो, पडदा अडकवायला.

मित्रांनो, झोळीतली दौड पुढे टिकत नाही आणि टिकूही नये. तीन-चार वर्षांनंतर लेकरं बेताबेतानं वाढतात, वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर, आणि वयात येईपर्यंत हीच चाल राहते. प्रेरणाही तशीच वाढत होती, खात होती, गाढ झोपत होती, दिवसभर घर डोक्यावर घेत होती. मध्ये एकदा तापानं अंथरुणाला खिळली तेव्हा जराशी थबकली, पण बरी झाल्यावर भराभर खाऊन तिनं ते भरून काढलं. सगळं ठीक होतं.

बिनसलं गेल्या दिवाळीत. गावाकडे फोटोसाठी सगळे ओळीत उभे राहिले आणि चुलत्यांपैकी कुणीतरी हसत म्हणालं, "सोमनाथ, तुझा धाकटा थोरला झाला की रे!" सात वर्षांचा शिवम नऊ वर्षांच्या ताईपेक्षा उंच दिसत होता. ते हसणं सोमनाथच्या जिव्हारी लागलं. घरी परतताच त्यानं पडदा काढला, मला दोन खोल्यांमधल्या चौकटीत घट्ट ठोकलं आणि प्रेरणाला हुकूम सोडला, रोज सकाळ-संध्याकाळ दांड्याला लोंबकळायचं. दुधात कसलीशी उंचीची पावडर सुरू झाली ती वेगळीच.

पहिल्याच रविवारी सकाळी, पोरगी अंथरुणातून उठते न उठते तोच त्यानं तिला भिंतीशी उभं करून टेप लावला. मला ठोकलं त्या संध्याकाळच्या मापापेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरलं! "मेघा, बघ, दांड्यानं काम केलं!" तो बायकोला ओरडून सांगत होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! दिवसभर चालून-बसून माणसाचा कणा किंचित दबतो आणि रात्रीच्या झोपेत पुन्हा मोकळा होतो, एवढीच ती करामत. संध्याकाळी शेजाऱ्यांना दाखवायला पुन्हा टेप लावला, तर ते सेंटिमीटर गायब. बोल मात्र प्रेरणाला लागला, "तू नीट लोंबकळतच नाय." तिच्या तळहातांना फोड आले होते. ते माझ्या अंगाला लागत होते. मला इतका संताप आला की आटे असते तर गळून पडले असते. पण मला पडद्याच्या मापानं कापताना वेल्डिंगवाल्यानं ते आधीच उडवले होते. शिवम माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. एकाच ताटातली भाकरी खाऊन, एकाच खोलीत झोपून तो आपल्या चालीनं वाढत होता, ती तिच्या.

प्रेरणाचं मन होतं दोरीवर. शाळेत सोनिया मॅडम मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवायच्या. हलकी, चपळ, न घाबरणारी पोरगी; जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. त्याच आठवड्यात कंपनीतल्या कुणीतरी सोमनाथच्या कानात भरवलं की दोरीवर कसरत केली की पोरांची उंची खुंटते. उचलली जीभ लावली टाळ्याला! सोमनाथनं घरी येऊन जाहीर केलं, "उंची वाढंस्तोवर दोरी बंद."

माझ्यावर लोंबकळलं की उंची वाढते आणि दोरीवर लोंबकळलं की खुंटते! हे कुठलं शास्त्र, मित्रांनो?

मेघानं वाद घातला नाही. ती पोरीला घेऊन लेकरांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर कालिंदीबाईंकडे मागच्या वर्षी शाळा सुरू होतानाचं प्रेरणाचं माप होतंच. त्यांनी पुन्हा मोजलं, तपासलं आणि सांगितलं, ते मेघानं रात्री जेवताना जसंच्या तसं ऐकवलं. "त्या म्हणल्या, किती उंच आहे ते बघू नका, वर्षात किती वाढली ते बघा. पोरगी बराबर वाढतीय. जन्मताना लेकरू भरलेलं असतं ते आईच्या पोटातल्या पोसण्यानं, मग दोन-तीन वर्षांत ते आपल्या आई-बापाच्या वळणावर येतं. पोटभर खाणं, झोप, खेळणं, आजारपण नसणं, अन् घरात सुखानं राहणं, एवढंच आपल्या हातात. दोरीनं काय बी होत नाय."

"डॉक्टरला काय जातंय बोलायला? आमच्या घराण्यात पाच-आठच्या खाली कुनीच नाय," सोमनाथ म्हणाला आणि उठून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेरणा माझ्याखाली मांडी घालून बसली. सोमनाथ म्हणाला, "चल, हात वर."

"नाय."

"प्रेरणा!"

"दोरी बंद, तर दांडा बी बंद. मी नाय लटकणार."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला साफ नकार दिला आणि मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. सोमनाथनं तिच्या काखेत हात घालून तिला उचललं आणि माझ्यापर्यंत नेलं. तिनं मुठी आवळून छातीशी घेतल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण बोटं उघडेनात.

"सोम्या, खाली ठिव लेकराला!"

डोळे तपासायला गावाहून आलेल्या लक्ष्मीबाई दारात उभ्या होत्या. "टेप आन इकडं," त्या म्हणाल्या. भिंतीला टाच लावून ताठ उभ्या राहिल्या आणि मेघालाही ओढून शेजारी उभं केलं. "माप मला. मंग हिला."

"आई, तुला कशाला आता?"

"माप म्हनते ना!"

त्यानं मापलं. आई चार फूट दहा, बायको जेमतेम पाच. लक्ष्मीबाईंनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. "तुझ्या घराण्यात पाच-आठच्या खाली कुनीच नाय व्हय? मंग मी कोन हाय? भाड्यानं आल्ते? तुला पोटात वागवलं ते घराण्यात नाय धरायचं? घरानं काय निस्तं गड्यांचं असतंय का रे? ही पोरगी माझ्यावर गेलीय, हिच्या मायवर गेलीय. खान तशी माती. अन् अद्रक रोज उकरून बघितलं तर पोसतंय का कधी? खामखा कशाला ओढायलास लेकराला?"

सोमनाथ खाली बसला. टेप गुंडाळून ठेवला. मग हळूच म्हणाला, "लोक हसतेत आई. आज मला हसले, उद्या तिला हसतील."

"हसू द्या पप्पा," प्रेरणा डोळे पुसत म्हणाली. "मी दोरीवर असते तेव्हा कोणीच हसत नाय."

त्याच दुपारी सोमनाथनं मला चौकटीतून काढलं. मी म्हटलं, चला, आता भंगार. पण तो मला गच्चीवर घेऊन गेला आणि पाण्याच्या टाकीच्या दोन खांबांमध्ये, जमेल तितक्या उंचावर, जाड बोल्टनं बसवलं. सोनिया मॅडमना विचारून त्यानं दोरी आणली, माझ्याभोवती स्वतः गाठ मारली, दोनदा स्वतः लटकून पाहिलं आणि खाली गाद्या अंथरल्या.

तेव्हा मित्रांनो, जस्त उडालेल्या या म्हाताऱ्या पाइपाचं एवढं ऐका. पोरांना पोटभर खाऊ द्या, झोपू द्या, खेळू द्या. वर्षातून एक-दोनदा मापा. शंका आली तर डॉक्टरला दाखवा. आणि कुणी तुम्हाला दुसऱ्याच्या मापाला ताणायला निघालं, तर मुठी उघडू नका.

काल संध्याकाळी प्रेरणा सरसर दोरी चढली आणि माझ्याजवळ येऊन, पायांत दोरीची अढी घालून, हात सोडून ताठ झाली. खाली पाच-आठवाला सोमनाथ मान मागे टाकून बघत होता.

"पप्पा," ती वरून ओरडली, "आता मोजा!"